ओंडक्याची चिठ्ठी

पूरकाकांचा जळफळाट सकाळी साडेनऊलाच सुरू व्हायचा. त्या वेळी पूरअंदाज कार्यालयात समोरच्या टेबलावर नवी मुलगी येऊन बसायची.

उद्या नदीत किती पाणी असेल ते संगणक सांगायचा आणि वरच्या पुलावरची पाणी मोजायची पट्टी वाचून पूरकाका त्याला सुधारायचे. अठरा वर्षं हेच. त्यांची रीत सरळ: पट्टी म्हणेल ते खरं. पट्टीच बिघडली, तर आकडा हाताने दुरुस्त. नवी मुलगी मात्र एकाऐवजी पन्नास अंदाज काढायची आणि ते किती विखुरलेत ते बघून पट्टीवर किती भरवसा टाकायचा ते ठरवायची.

"पन्नास!" पूरकाका घरी करवादले. "एक धड येत नाही म्हणून पन्नास!"

"अठरा वर्षं नदी माझी सवत होती," काकू म्हणाल्या. "आता कळलं, कसं वाटतं ते?"

साहेबांनी फर्मान काढलं: गेल्या वर्षीचा पूर दोघांनीही पुन्हा मांडा. खालच्या पुलावरच्या खऱ्या पाण्याशी ज्याचा अंदाज जुळेल, त्याची रीत यंदा चालेल.

त्या पुरात एके दिवशी पट्टीशी ओंडका अडकून पाणी उगाच हातभर चढलेलं दिसलं होतं. पट्टीवाल्याची तशी चिठ्ठी पूरकाकांच्या खणात होती. त्यांनी आपला आकडा गुपचूप दुरुस्त केला. मुलीला मात्र पट्टीचा आकडा ओंडक्यासकट तसाच दिला.

दोन दिवसांनी ती कागद घेऊन आली. "काका, या दिवशी माझे पन्नासच्या पन्नास अंदाज पट्टीपासून लांब पळतायत. काही नोंद आहे का? नसेल, तर पट्टीच खरी धरते. नदी तुमच्याइतकी कोणाला माहितीये?"

नुसतं 'नाही' म्हटलं की काम फत्ते! ज्या ओंडक्यासाठी ते चिखल तुडवत पुलापर्यंत गेले होते, त्याचा हिला बसल्याजागी वास आला? पूरकाकांनी तोंड उघडलं. पण नदीबद्दल खोटं काही निघेना. खण खाडकन उघडला.

"घे! ओंडका होता. आणि माझा आकडा मी हाताने दुरुस्त केलाय, तेही लिही."

"म्हणजे माझे अंदाज बरोबर होते!"

"बरोबर म्हणे! ओंडका कुठल्या झाडाचा होता, विचार तुझ्या पन्नासांना!"

खालच्या पुलावरच्या पाण्याशी तिचाच अंदाज जुळला आणि यंदा तिची रीत लागू झाली. काकूंनी दारातच विचारलं, "कोण जिंकलं?"

"तुझी सवत," पूरकाका चपला काढत पुटपुटले.