तैवानताईच्या तालमी

तैवानच्या नट्यांबद्दल ताई सख्ख्या नणंदांबद्दल बोलावं तशी बोलायची; सगळी खबर ठेवून आणि थोडं नाक मुरडून. "ही आधी गायची. आवाज यथातथाच, पण रडावं तर हिनंच! म्हणून मालिकांत आली नि तरली," असं पोळ्या लाटता लाटता सांगायची. डब्लिनच्या मराठी मंडळींनी तिचं नावच तैवानताई ठेवलं होतं. ती नाशिकची, चिपच्या कंपनीत इंजिनिअर; मी हॉस्पिटलात डॉक्टर. सँडीफोर्डच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही दोघी राहायचो.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी गालांवर मास्कचे वळ घेऊन घरी यायची, तेव्हा वरणभात तयार असायचा आणि मालिकेचा नवा भाग थांबवून ठेवलेला असायचा. "हात धू, प्रेसमधून ताटं काढ आणि बस." कपाटाला ती आयरिश लोकांसारखं प्रेस म्हणायची. खालच्या इंग्रजी ओळी ती मला वाचू द्यायची नाही; मालिका बघून बघून चिनी शिकलेली ती, अर्थ स्वतःच सांगायची. भाषांतरात बाईचा ठसका जातो, हे तिचं मत. त्या दिवसांत मी वेडी झाले नाही ती तिच्यामुळे, हे मी आजही नाकारत नाही.

तिची सगळ्यांत लाडकी एक गायिका होती. ऐन भरात जुनी कंपनी सोडून दुसरीकडे गेलेली. "शेवटच्या दिवसापर्यंत हसत हसत गायली, कुणाला पत्ता लागू दिला नाही. याला म्हणतात करिअर!"

"आणि जुन्या कंपनीचं काय?"

"त्यांना दुसरी मिळते गं, डॉक्टर."

मलाही ती गायिका तेव्हा आवडून गेली होती.

उन्हाळ्यात ताईला अभिनयाची हुक्की आली. "आपण सीन करू. मी नवी गायिका, तू, इथले म्हणतात तसा, युअर मॅन, म्हणजे कंपनीचा मालक." मालकाचे चार-पाच चिनी प्रश्न तिने माझ्याकडून घोकून घेतले. आमच्याकडे का यायचंय? आधीची कंपनी का सोडताय? मी भुवया उंचावून विचारायची, ती ताठ बसून उत्तरं द्यायची, चुकली की पुन्हा पहिल्यापासून. त्या बिचाऱ्या गायिकेला काम मिळावं, असं मला मनापासून वाटायचं.

त्याच सुमारास मला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कासलबारच्या हॉस्पिटलात बढतीची जागा चालून आली. ताईने माझा हात धरला. "या दिवसांत मला एकटीला टाकून जाणार? मी नाही गं राहू शकत." मी त्यांना नकार कळवला. माणसापुढे जागा ती काय, असं मला वाटलं.

दिवाळीचा फराळ त्या वर्षी ऑनलाइन होता. आम्ही दोघी एकाच लॅपटॉपसमोर चकल्या घेऊन बसलो होतो. ताईच्या कंपनीतल्या एकाची बायको डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सहून हसत म्हणाली, "ताई, काँग्रॅट्स हं! तैवानला कधी निघताय?"

ताईने लॅपटॉप मिटला.

"कधीपासून चाललंय हे?" मी विचारलं.

"जूनपासून. मुलाखती चिनीतच घेणार होते."

"मग मला कासलबारला का जाऊ दिलं नाहीस?"

तिने हातातली चकली ताटलीत ठेवली. मग अगदी साधेपणाने म्हणाली, "तू गेली असतीस तर माझा सराव कुणी घेतला असता?"

ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. मी भांडले नाही, नुसती चकल्यांचा डबा बंद करत राहिले. दुसऱ्या दिवशी कासलबारला फोन केला. जागा भरली होती. डिसेंबरात टॅक्सी आली तेव्हा तिची जड बॅग मीच खाली नेऊन दिली. इतकी वर्षं एका घरात काढल्यावर ते आपसूक होतं.

नवं वर्ष लागलं. आम्हाला अजून घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायची बंदी होती, तेव्हा तिने कसलीच बंदी नसलेल्या तैपेईहून एक व्हिडिओ पाठवला. भरलेलं सभागृह, रंगमंचावर ती लाडकी गायिका, आणि प्रेक्षकांत ताई तिच्याबरोबर तारस्वरात गातेय, केस विस्कटलेले, डोळ्यांतून पाणी. मी तो कितीदा बघितला कोण जाणे. इतक्या आनंदात मी तिला आमच्या घरात एकदाही पाहिलं नव्हतं. तिचं जाणं मी सोसलं. हे मात्र अजून सोसत नाही.