मागं जागा ठेवा

त्या सकाळी मी आणि मास्तर चहाच्या लारीवर अर्धा अर्धा कप प्यालो. मी बाकावर बसलो आणि सवयीनं भिंतीला टेकलो. मास्तरनं माझी बाही धरून मला पुढं ओढलं.

"टेकू नका, आप्पा. मागं जागा ठेवा."

हे रोजचंच. मग त्यानं माझ्या डाव्या कानामागं बघितलं, आणि असा हसला की चहा बशीत सांडला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"उद्या सांगतो. मीटिंगमध्ये."

रातपाळी करून आलेला माणूस. घरी जाऊन झोपला, तो उठलाच नाही.

मास्तरचं नाव सांगत नाही. आमच्या मीटिंगमध्ये नावं सांगत नसतात.

ही गेली आणि मी पिऊ लागलो. गुजरातमध्ये दारू बंद आहे, म्हणजे पिणारा कुणी नाहीच. मग सोडायची जागा विचारायची कुणाला? दारूची पोटली कुठं मिळते ते गल्लीतलं शेंबडं पोर सांगतं. सोडणारे कुठं बसतात विचारा, माणसं आधी आजूबाजूला बघतात. तुम्हीही बघितलं असेल. शेवटी न्हाव्यानं सांगितलं, वस्तरा माझ्या गळ्यावर असताना. "उधन्यात, लूमच्या खात्यावरची खोली. सकाळी रातपाळी सुटली की."

गेलो. खाली खात्यात लूमची खटखट, वर दहाबारा माणसं सतरंज्यांवर. एकेक जण उठून आपलं सांगत होता, आणि कुणाला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ऐकू येत होतं फक्त मास्तरला. ऐकू म्हणजे, कान त्याचे लूमनं केव्हाच खाल्ले होते. जन्मभर त्या आवाजात काम केलेला माणूस ओठ वाचतो. तो मान हलवायचा, मग बाकीचे हलवायचे.

एकानं तोंडातल्या तोंडात त्याला आईवरून शिवी दिली. मास्तर म्हणाला, "भो, आई काढू नको. अजून जिती आहे, लाटणं घेऊन येईल." तो शिवी देणारा पुढं रोज येऊ लागला.

माझी पाळी आली. मी म्हणालो, कधीमधी घेतो. मास्तर माझ्या तोंडाकडं बघतच नव्हता. माझ्या कानामागं बघत होता. आणि मान हलवत होता.

खाली उतरल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं. "तुम्ही म्हणालात कधीमधी. त्या म्हणतात, पिठाच्या डब्यात रोज नवी पोटली असते."

"कोण त्या?"

"पुढचा दात अर्धा आहे त्यांचा. तुमच्या मागं उभ्या होत्या."

मी भूतबीत मानत नाही. सचिन गावच्या डाइंग मिलमध्ये उकळत्या रंगापाशी आयुष्य काढलं, कधी काही दिसलं नाही. पण मास्तरनं हिला कधी पाहिलेलं नव्हतं. आणि ही गेल्यापासून तो डबा माझ्याशिवाय कुणी उघडत नव्हतं.

मी चिडून म्हणालो, "मग विचारा तिला, सोन्याच्या बाळ्या कुठं ठेवल्यात."

"मी विचारत नाही, आप्पा. मी नुसतं बघतो."

एकदा मी मीटिंगला गेलो नाही. दार लोटून घरात बसलो, पोटली हातात. पाठ भिंतीला घट्ट लावली. मागं कुणी राहायलाच नको. भर दुपारी मास्तर आला. दार ढकललं, पण आत आला नाही.

"भिंतीला टेकलात ना?" तो म्हणाला. "म्हणून त्या बाहेर ओट्यावर उभ्या आहेत. केव्हाच्या. ऊन बघा किती आहे."

मला ओट्यावर कुणी दिसलं नाही. पण मास्तर दारात एका अंगाला सरकून उभा होता, बाईमाणसाला वाट द्यावी तसा.

मी पुढं सरकलो. पोटली मोरीत ओतली. मग तो आत आला. पाठोपाठ दार आपोआप लागलं. वारा असेल.

त्या दिवसापासून मी घेतली नव्हती.

मास्तर गेल्याचं कळल्यावर गेलो. त्याला खाली घेतलं होतं. मी किती वेळ त्याच्या तोंडाकडं बघत उभा राहिलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला दुःख झालं. झालंच होतं. पण मी वाट बघत होतो. ती काय म्हणाली ते सांगायचं राहिलं होतं. पण हनुवटीखालून फडकं घेऊन त्याचं तोंड बांधलं होतं.

स्मशानातून येताना कुणीतरी माझ्या खिशात पोटली सरकवली. "घ्या आप्पा, आजच्या दिवस."

घरी आलो. पोटली खिशातच होती. टेकावंसं फार वाटलं. खोलीच्या मधोमध कुशीवर आडवा झालो, तसाच पडून राहिलो. कूससुद्धा बदलली नाही, कुणी अंगाखाली यायला नको.

सकाळी उधन्याला गेलो. जिन्याखालच्या गटारीत पोटली ओतली आणि वर चढलो. मंडळी येऊन बसली होती, मास्तरच्या रिकाम्या जागेकडं तोंड करून. कुणी उठत नव्हतं. उठून सांगणार कुणाला? खाली लूम चालूच.

मी उठलो. बोलायच्या आधी माझी सतरंजी भिंतीपासून ओढली. रोज हातभर ओढायचो. त्या दिवशी दोन हात ओढली.