पूजा झालेली गाडी

नरेश घरतच्या दाराची बेल वाजवली की आधी किल्ली फिरल्याचा आवाज यायचा. त्याच्या दाराला कुलूप आतून असे आणि किल्ली त्याच्या गळ्यात, जुन्या ऑफिसच्या ओळखपत्राच्या नाडीला अडकवलेली. दार हातभर उघडायचं, तो एकदा मागे वळून बघायचा आणि म्हणायचा, "काकू, पटकन आत." मी काही बारीक अंगाची नाही. त्या फटीतून अंग चोरून शिरताना मला दर वेळी वाटायचं, आपण चहाला चाललोय की तुरुंगात कोणाला भेटायला?

सुकापूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तो आमच्या बरोबर डोक्यावर राहायचा. चाळिशी ओलांडलेला, लग्न राहूनच गेलेला. आई आधीच गेली होती. घरात तो आणि त्याचे वडील. न्हावा शेव्याच्या कंटेनरचे कागद करणाऱ्या एका ऑफिसात तो नोकरीला होता. वडिलांची स्मृती गेल्यावर ऑफिसला जाणं सुटलं आणि तेच काम तो घरून कॉम्प्युटरवर करू लागला. उरलेला सगळा वेळ गाड्यांचा.

गाड्या म्हणजे शर्यतीच्या गाड्यांची धातूची मॉडेलं. तळहातावर मावतील एवढी. बाजारात मिळते ती गाडी एखाद्या वर्षाची असते. पुढच्या वर्षी खऱ्या गाडीचं नाक बदलतं, मागचा पंख बदलतो, जाहिराती बदलतात. नरेश जुनं मॉडेल घ्यायचा, त्याचे स्टिकर पुसून काढायचा, प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचा नवा पंख कापायचा. मग नवे स्टिकर पाण्यात भिजवून, ब्रशच्या टोकानं सरकवत गाडीवर बसवायचा. तेवढा वेळ श्वासही जपून घ्यायचा. समोर खऱ्या गाडीचा फोटो चिकटवलेला असे. "फोटोत नाही ते गाडीवर नाही," हा त्याचा कायदा.

"म्हणजे बाई तीच, साडी नवी," मी एकदा म्हटलं.

"साडीवर भागत नाही काकू. ब्लाउजसुद्धा उसवून परत शिवावा लागतो," तो मान वर न करता म्हणाला.

त्याची कालगणनाच शर्यतींच्या सीझनमध्ये चालायची. दिवाळी, मार्च अखेर असलं काही त्याच्या तोंडी नसे. एकदा बाबांची तब्येत विचारली तर तो शांतपणे म्हणाला, "मागच्या सीझनला मला ओळखायचे. या सीझनला डेपोतला हेल्पर समजतात." मी चहा ढवळत बसले.

घरतबाबांनी उभा जन्म पनवेल डेपोत एसटी चालवली होती. सगळं विसरले, ड्युटी तेवढी विसरले नाहीत. सकाळ झाली की खाकी शर्ट चढवून दाराशी उभे. "दार उघड रं. सकालची अलिबाग हाय माजी. पॅसेंजर बसलेत गाडीन, येल झाला." मुलगा कामावर जात असे तेव्हा ते एकदा खरोखरच निघून गेले होते. सापडले ते पनवेलच्या स्टँडवर, उभ्या बसच्या ड्रायव्हरच्या सीटवर. कंडक्टर बिचारा समजूत घालून दमला होता. त्या दिवसापासून कुलूप आलं. नरेश बापाशी वाद घालायचा नाही. खालच्या मानेनं म्हणायचा, "सायेब, गाडी वर्कशॉपला हाय. आली का सांगतो." बाबा मग खुर्चीत बसून गाडीची वाट बघायचे. थोड्या वेळानं पुन्हा दाराशी. हा प्रयोग रोजचा. ऐकून ऐकून मला खाली स्वयंपाकघरातही पाठ झाला होता.

त्याच्या गाड्यांचे फोटो पाहून कुठकुठले लोक वाहवा करायचे. पण त्यातली एकही गाडी त्या घराच्या बाहेर गेलेली नव्हती. अशातच पुण्याहून आमंत्रण आलं. असली मॉडेलं करणाऱ्या हौशी मंडळींचं प्रदर्शन होतं, दसऱ्यानंतरच्या रविवारी. नरेशनं त्यासाठी एक पांढरी गाडी करायला घेतली. त्या गाडीवर त्यानं उन्हाळ्यापासून जीव टाकला. मी म्हटलं, कुरिअरनं पाठव. तर म्हणाला, "नाही काकू. मला माझ्या हातानं ती तिथल्या टेबलावर ठेवायचीय. एकदाच. त्या टेबलाशी उभं राहायचंय." असं काही मागताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. मी आणि आमचे हे दिवसभर बाबांपाशी बसू, असं ठरवून टाकलं. मी डेपोतल्या हेल्परचे संवादही म्हणून दाखवले. तो खूप हसला. दसऱ्याच्या आधीच त्याची बॅग भरून दाराशी तयार होती. रोज बाबांना तो सांगायचा, "बाबा, माझी गाडी पुण्याला जातेय." ते नुसते बघत राहायचे.

दसऱ्याला सोनं द्यायला मी वर गेले. त्यानं दार उघडलं, मला आत घेतलं आणि स्कूटरच्या पूजेचं ताट तयार आहे, एवढी आंघोळ उरकून येतो म्हणून न्हाणीघरात गेला. मी देवापाशी आपट्याची पानं ठेवली, फुलदाणीतलं पाणी बदलायला स्वयंपाकघरात गेले. परत आले तर घरतबाबा टेबलाशी उभे. खाकी शर्ट, कपाळाला गंध. पारदर्शक डबीतून त्यांनी पांढरी गाडी बाहेर काढली होती. ओल्या हळदीची बोटं तिच्या नाकावर, पंखावर, चाकांवर उमटली होती, वर कुंकू, अक्षता. झेंडूची माळ गाडीपेक्षा मोठी, त्यामुळे अर्धी गाडी फुलांखालीच. एसटीच्या गाडीची पूजा करावी तशी सगळी पद्धतशीर. आणि आता ते पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवत होते. त्या चाकापेक्षा लिंबू दांडगं. चिरडेना, म्हणून त्यांनी गाडीवर तळहात ठेवून सगळा भार दिला. मी "अहो बाबा" म्हणेपर्यंत कट्‌ असा आवाज झाला.

नरेश टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आला आणि तिथंच उभा राहिला.

बाबांचा चेहरा इतका मोकळा मी कधीच पाहिला नव्हता. ते म्हणाले, "नरेश, पूजा केल्याबगर गाडी डेपोच्या भायेर काढाची नाय. तुजी गाडी जाते ना पुन्याला? ने आता. सावकाश जा."

नरेश! किती महिन्यांनी त्यांनी मुलाला नावानं हाक मारली होती. पण नरेशची नजर गाडीवर होती. ती हाक त्याला ऐकू आली की नाही, ते तेव्हा मला कळलं नाही. तो एवढंच म्हणाला, "हो सायेब." आणि कापूस घेऊन बसला.

हळदच ती. पांढऱ्या रंगात मुरली. घासावी तर डाग पसरे, औषध लावावं तर स्टिकर सुटून येत. चाकाचा आस वाकला होता, पंख मोडला होता. मी म्हटलं, "दुसरी ने. कपाट भरून गाड्या आहेत तुझ्या." तर म्हणे, ती सोडून बाकीच्या जुन्या आहेत. "मग हीच ने, डागासकट!" त्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला उघड्या अंगानं लग्नाला जायला सांगतेय. "फोटोत हळद नाहीये, काकू. पुढच्या सीझनला बघू."

रविवारी सकाळी मी तरीही वर गेले. वाटलं, आयत्या वेळी मन बदलेल. बॅग दाराशी तशीच होती. नरेशनं चहा केला, आम्ही तिघांनी प्यायला. बाबांनी विचारलं, "गाडी गेली का?"

"गेली सायेब. वेळेवर सुटली."

मी उठून कप विसळायला घेतले.

पुढच्या उन्हाळ्यात घरतबाबा गेले. दिवस-कार्य उरकलं, पाहुणे पांगले. मला वाईट वाटलंच, पण खरं सांगते, नरेशसाठी जरा सुटल्यासारखंही वाटलं. आता हा मोकळा झाला, असं मी धरून चालले. बेल वाजवली तर पुन्हा आधी किल्लीचा आवाज. ती नाडी गळ्यात होतीच. "अरे, आता कशाला कुलूप?" "सवय," तो म्हणाला आणि हातभर दार उघडून सवयीनं मागे बघितलं. ऑफिसनं परत बोलावलं, गेला नाही. किराणा दारात येई. पुण्याचं प्रदर्शन पुन्हा आलं. मी चिडले, ओरडले, आमच्या ह्यांना मध्यस्थीला पाठवलं. नरेश सगळं हसून ऐकून घ्यायचा. "गाडी तयार नाही या सीझनला." कपाटात मात्र नव्या गाड्यांना जागा उरली नव्हती.

मग आमचंच सुकापूर सुटलं. लेक पुण्याला, तिनं धोशा लावला. टेम्पो भरून झाल्यावर मी निरोप घ्यायला वर गेले. नरेशनं माझ्या हातात एक डबी ठेवली. आत ती पांढरी गाडी. चाक सरळ केलेलं, पंख नवा, स्टिकर जागच्या जागी. आणि नाकावर बाबांची पिवळी बोटं तशीच.

"ही रे कशी ठेवलीस? फोटोत नाही ना?"

"नाही." त्यानं डबीचं झाकण दाबून बसवलं. "पूजा झालेली गाडी डेपोत ठेवायची नसते, काकू. बाबांनी मला नावानं हाक मारून सांगितलं होतं. तुम्ही पुण्याला चाललाय, तिला न्या."

मला रडू आवरेना. म्हटलं, "तू पण चल. आत्ता. टेम्पोत जागा आहे." तो हसला. माझ्या पाया पडला. "पुढच्या सीझनला नक्की."

दार लागलं. मी डबी छातीशी धरून जिन्यात उभी राहिले. आतून किल्ली फिरली. आता त्या कुलपाआड सांभाळायला कोणी उरलं नव्हतं, नरेशशिवाय.