आईंच्या हातचं ताक

"तुमच्या सासूबाई टायफॉइडच्या कॅरिअर आहेत," सांगलीतले डॉक्टर म्हणाले. कॅरिअर म्हणजे स्वतः ठणठणीत, पण पोटात जंतू बाळगून असलेलं माणूस. आईंच्या पित्ताशयात खडे होते आणि तिथं हे जंतू ठाण मांडून बसले होते.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? ह्या डॉक्टरला खड्यांचं ऑपरेशन करायचंय, म्हणून घाबरवतोय.

संशय माझ्या स्वभावातच आहे. माझ्या स्वराला वर्षात दुसऱ्यांदा टायफॉइड झाला, तेव्हा मी आधी नळाच्या पाण्यावर आळ घेतला, मग भेळवाल्यावर, मग लॅबवर. शेजारच्या सुरेखावहिनींचा ओम तर दवाखान्यात सलाइनवर होता. दोघांचं ब्लड कल्चर केलं, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघितले, तर जंतू तेच. शेवटी डॉक्टरांनी आमच्या घरातल्या सगळ्यांचं शौच तपासायला मागितलं. मी तणतणतच दिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

दोन्ही पोरं आईंचं ताक प्यायची. पलूसजवळच्या आमच्या गल्लीत ताक विकत नाहीत. आई सकाळी घुसळायच्या, हातानं लोणी काढायच्या आणि भांडी घेऊन आलेल्या बायकांना ताक ओतायच्या. सासरे गेल्यापासून त्यांचं हसणं-बोलणं सगळं तेवढ्या वेळातच व्हायचं.

डॉक्टरांनी महिनाभराच्या गोळ्या दिल्या. जंतू जाईपर्यंत स्वयंपाक नाही, ताक नाही, आणि गल्लीला सांगा, म्हणाले. इकडे मागं आईंना हार्ट अॅटॅक आला होता, तेव्हा कराडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की त्यांना धक्का बसेल असं काही करू नका. आता कुणाचं ऐकायचं?

नवरा म्हणाला, गवगवा करू नको, म्हैस आटली म्हणून सांग. मला ते पटलं. माझ्या बाळंतपणात आईंनी मला लेकीसारखं सांभाळलं होतं. गल्लीनं त्यांच्याकडे बोट दाखवावं आणि त्यांनी हाय खाऊन अंथरूण धरावं, हे मला नको होतं.

पण आईंचा रिपोर्टवर विश्वासच नव्हता. मला साधी शिंक न्हाई, माझ्यामुळं कुणाला ताप येतोय, असं म्हणायच्या. एका सकाळी परसात गेले, तर आई मागच्या दारानं सुरेखावहिनींना ताक देत होत्या. ओम नुकताच घरी आला होता, त्याच्या पोटाला थंड म्हणून.

मी वहिनींच्या हातातलं भांडं घेतलं आणि मोरीत ओतलं.

"वहिनी, ताप आमच्याच घरातनं जातोय. आईंच्या पोटात जंतू आहेत. ताक नेऊ नका."

आई मटकन खाली बसल्या. आता आपणच ह्यांना मारलं, असं वाटून मी त्यांचा हात धरून बसले. त्यांना काही झालं नाही, पण त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. गल्लीतल्या बायकांनी आमच्याकडे यायचं बंद केलं, हळदीकुंकवाचं बोलावणंही आलं नाही. दोन बायका बोलताना दिसल्या की मला आमचंच चाललंय असं वाटायचं.

गल्लीत नवा ताप आला नाही. गोळ्या संपल्यावर अंतरा-अंतरानं तीनदा तपासणी केली, तिन्ही वेळा जंतू नव्हते. डॉक्टर म्हणाले, साबणानं हात धुऊन खुशाल घुसळू द्या त्यांना.

आईंनी घुसळलं. कुणी आलं नाही. तेव्हा त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलल्या.

"वाईट सांगाया पुढं हुतीस न्हवं? आता चांगलं बी तूच सांगून ये."

मी तांब्याभर ताक घेऊन सुरेखावहिनींकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "स्वराला दिलंस का गं?"

दिलं नव्हतं.

तुमच्या घरात असा आजार निघाला तर लपवू नका, एवढं मी सांगेन. आजार गेल्यावर माणसाला परत जवळ घ्यायला मात्र मला वहिनींनी शिकवलं, त्यांचे उपकार आहेत. मी तसाच तांब्या घरी आणला, स्वराला हाक मारली आणि आईंच्या समोर फुलपात्र भरून तिच्या हातात दिलं. ती गटागटा प्यायली आणि आजीकडे आणखी मागू लागली.

आईंनी तांब्या उचलला, पण ओतला नाही. आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी मान हलवली, तेव्हाच त्यांनी ओतलं.