कोर्टवरचा गुलाल

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटली.

काल आमच्या बास्केटबॉल टीमनं चॅम्पियनशिप जिंकली. हलगी लावून आम्ही पोरींनी कोर्टवरच पोतंभर गुलाल उधळला.

आज सकाळी विसरलेले बूट आणायला गेले, तर काल आमच्याकडून हरलेल्या पोरी बादल्या आणून तो गुलाल धूत होत्या. दोन्ही टीमना कोर्ट एकच.

मी खराटा मागितला. त्यांची कॅप्टन म्हणाली, "ऱ्हाऊ दे की, आज तुमचा सत्कार हाय न्हवं? आम्हाला प्रॅक्टिस करायची हाय, पाय घसरायलेत."

टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं.

आमच्या ग्रुपवर सकाळपासून फेट्याच्या रंगावर चर्चा चाललीय. प्रॅक्टिसचं कुणीच विचारलं नाही. मीही नाही, आणि कॅप्टन मीच आहे.

सांगा, संध्याकाळी तो फेटा कुठल्या तोंडानं बांधून घेऊ?