अण्णांसमोर उघडलेलं खातं

प्रिय मीरा आणि ईशान,

आमच्या हॉलमधली मोठी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली आहे आणि ती तशीच राहणार आहे. रविवारी व्हिडिओ कॉलवर ती बघून ईशानने विचारलं, "आजी, तुला कुणी शिक्षा केलीय का?" तुमचे आजोबा मागून ओरडले, "केलीय की! शेअर बाजारानं!" आणि हसत सुटले. ते ही हकिकत आपल्या पद्धतीने रंगवून सांगायच्या आत मीच ती नीट लिहून पाठवते.

माझ्या इंग्रजीच्या शिकवणीचे थोडे पैसे साठले होते. त्यांचे तुमच्यासाठी शेअर्स घ्यावेत, म्हणजे आजीने एक तरी आधुनिक गोष्ट केली असं तुम्ही म्हणाल, हा माझा बेत. आजोबांचा बेत पतसंस्थेचा. तिथल्या चेअरमनबरोबर ते वर्षानुवर्षं चहा पितात, आणि गुंतवणुकीला याहून मोठी हमी नसते असं त्यांचं मत आहे.

"ज्याला दुकान नाही, गादी नाही, त्याला पैसे द्यायचे? उद्या भांडण झालं तर जायचं कुठं?"

"अहो, सगळं मोबाईलवरच असतं."

"म्हणजे भांडायचं पण मोबाईलशीच? मग मी कशाला आहे घरात?"

शेवटी तह झाला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजार मुहूर्तापुरता उघडतो. तोवर माझं खातं उघडलं, तर पैसे माझ्या मर्जीने. नाही उघडलं, तर पतसंस्था. आणि वर मी तक्रारीचा चकार शब्द काढायचा नाही! (ही दुसरी अट जास्त कडक होती.)

आता ब्रोकर निवडायचा. मी शिस्तीची बाई. नोंदणी आहे का, वर्षाची देखभाल किती, प्रत्येक सौद्याला दलाली किती, अशी रीतसर तुलना करत बसले. तेवढ्यात शांतक्का आल्या. शांतक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर अक्कलकोटकडचं, राहायला वरच्या मजल्यावर, कान मात्र कायम खालच्या.

"दलाली राहू दे गं विमल. माणसं कुठल्या गावची हायत ते इचार की आधी!"

सर्वांत कमी दलालीवाल्या कंपनीला फोन लावला. तिथे यंत्र बोलत होतं. मराठीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी चार दाबा.

"अय्यो! ज्याच्या घरी माणूस फोन उचलत नाही, तिथं पोरगी द्यायची नसती," शांतक्कांनी निकाल दिला. दुसरीकडचा मुलगा इतकं भरभर इंग्रजी बोलला, की मी त्याची दोन क्रियापदं सुधारली आणि त्याने फोन ठेवला. तिसऱ्या ठिकाणी मात्र एकजण म्हणाला, "बोला की आजी!" शांतक्कांनी माझ्या हातातून मोबाईल हिसकावला.

"कुठला रे बाबा तू?"

"मंगळवेढ्याचा, आजी."

"मंगळवेढ्यात कुणाचा?"

पुढे कळलं, की त्याच्या मावशीचं ज्वारीचं रान शांतक्कांच्या बहिणीच्या रानाला लागून आहे. झालं! बांधाला बांध लागला. शांतक्कांनी त्याला हुरड्याचं आमंत्रण दिलं आणि मी, फर्स्ट क्लास एम.ए., तिन्हींतली सर्वांत महाग कंपनी निवडली.

उरली ती ओळख पडताळणी. व्हिडिओ कॉलवर कंपनीची मुलगी तुम्हाला बघते आणि तुम्ही तुम्हीच आहात अशी खात्री करून घेते. अट एकच: समोर तुम्ही एकटे हवे, कुणी पढवणारं नको.

इथे अण्णा येतात. अण्णा म्हणजे माझे सासरे, सुताचे व्यापारी. "घरातला प्रत्येक व्यवहार माझ्यासमोर झाला पाहिजे," हा त्यांचा दंडक. ते गेल्यावर फेटा आणि झुबकेदार मिशांसह त्यांचा मोठा फोटो हॉलमध्ये लागला, आणि तेव्हापासून गॅस सिलिंडरचे पैसेसुद्धा त्या फोटोखाली बसूनच द्यायची रीत पडली. म्हणून मीही वसुबारसेच्या दुपारी इरकल नेसून खुर्ची बरोबर अण्णांच्या खाली ठेवली आणि बसले.

मुलगी प्रसन्न दिसली. "मॅडम, पॅन कार्ड दाखवा. आता डोळे मिचकावा." (सासऱ्यांच्या फोटोखाली! मिचकावले.) मग तिचा चेहरा बदलला.

"मॅडम, तुमच्या मागे कोण आहे?"

"ते माझे सासरे."

"त्यांना जरा बाहेर जायला सांगा."

"त्यांना नाही जाता येत."

"का? आजारी आहेत का?"

"नाही, आता तसा काही त्रास नाही. ते वारलेत."

दाराआडून शांतक्का कुजबुजल्या, "फोटो हाय म्हणून सांग की!"

"मॅडम, तुम्हाला कोण पढवतंय?"

कॉल कट! थोड्या वेळाने तिने पुन्हा लावायचं कबूल केलं. फोटो उतरवणं शक्यच नव्हतं, अण्णांना हलवायची कुणाची छाती? शांतक्का कपाटातून मोरांची सोलापुरी चादर घेऊन आल्या आणि त्यांनी ती अण्णांवरून सोडली. दोघींनी हात जोडून माफी मागितली. दुसरा कॉल सुरेख चालला होता. मी कोऱ्या कागदावर सही करून दाखवत होते, आणि पाठीमागे चादर हळूहळू, अगदी सावकाश, घसरू लागली. आधी फेटा. मग डोळे. मग मिशा.

"मॅडम!" ती मुलगी किंचाळली, "ते परत आले!"

आणि म्हणाली, की आता एकच शेवटचा कॉल. पुन्हा कुणी दिसलं तर अर्ज रद्द आणि नवा अर्ज थेट दिवाळीनंतर. म्हणजे पतसंस्था!

नेमके तेव्हाच आजोबा बाजारातून आले. हातात पणत्यांची पिशवी. एका खांद्यावर चादर घेतलेले अण्णा त्यांनी पाहिले.

"हे काय चाललंय? अण्णांना पांघरूण?"

"अहो, ते दिसले तर खातं उघडत नाही!"

"मग नको उघडू दे! इंग्रजी शिकलात, पण रीत नाही शिकलात. अण्णा काय म्हणायचे? माझ्यासमोर! आणि तुम्ही खुशाल त्यांच्याकडे पाठ करून बसताय? व्यवहार करायचा तर त्यांच्याकडे तोंड करून बसायचं!"

मी शांतक्कांकडे पाहिलं. शांतक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघींनी मिळून खुर्ची उचलली आणि फिरवली. आता अण्णा माझ्यासमोर आणि माझ्या मागे नुसती कोरी भिंत!

आजोबांच्या लक्षात यायला दोन मिनिटं लागली. तोवर माझी पडताळणी पूर्ण झाली होती. ते पिशवी हातात धरून तसेच उभे होते, आणि शांतक्का त्यांना म्हणत होत्या, "भावजी, लई उपकार झाले बघा तुमचे!"

मुहूर्ताच्या संध्याकाळी मी शेअर्स घेतले. पाडवा-भाऊबीज झाली, बाजार नेहमीसारखा सुरू झाला आणि भाव पडला. शांतक्कांनी तावातावाने मंगळवेढ्याच्या मुलाला फोन लावला, तर तो नोकरी सोडून दुसऱ्या कंपनीत गेलेला. कुठल्या? तर तीच, सर्वांत कमी दलालीची, जिथे यंत्र बोलतं!

तर बाळांनो, तुमचे शेअर्स आहेत, थोडे वाळलेत. मोरांची चादर आहे. अण्णा भिंतीवर आहेत आणि खुर्ची त्यांच्याकडे तोंड करून आहे. भाव मी तिथे बसूनच बघते. फक्त मोबाईल जरा उंच धरते, म्हणजे अण्णांच्या नजरेला नजर भिडत नाही.

तुमची,
आजी