फ्रिजच्या खालच्या कप्प्यातलं झाड

प्रिय ईरा आणि नील,

दोन रविवारांपूर्वी फोनवर नीलने विचारलं, "सुमाजीचं झाड जिवंत आहे का?" मी म्हणाले, "कळवते." असं उत्तर मी सहसा देत नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या तिथे द्यावं, अशी माझी सवय. पण त्या दिवशी मला खरोखरच ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं आहे, म्हणून हे पत्र. आणि लिहायला बसलेच आहे तर सुमनताईंविषयीही लिहिते, कारण फोनवर त्यांचा विषय निघाला की तुमचे आजोबा चष्मा पुसत आतल्या खोलीत जातात आणि मी हवापाण्याचं काहीतरी बोलू लागते.

सुमनताई आजोबांची थोरली बहीण. सुमनआजीची सुमाजी नीलने तीन वर्षांचा असताना केली आणि ती सगळ्यांनी उचलली. त्यांनी लग्न केलं नाही. हवामान कचेरीत नोकरी केली. ठरल्या वेळी तापमापक वाचायचा आणि आकडा लिहायचा, हे काम निवृत्तीपर्यंत एक दिवस न चुकता केलं. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा त्यांनी मला पहिलं वाक्य ऐकवलं ते "उद्या त्रेचाळीस जाईल, साडी सुती नेस" हे. त्यानंतर सेहेचाळीस वर्षं आम्ही एका स्वयंपाकघरात काढली.

जानेवारीच्या अखेरीस इस्पितळातून फोन आला तेव्हा मी फ्रिजसमोर वाकून उभी होते. खालच्या कप्प्यातला तापमापक चार अंश दाखवत होता. फोन वाजतच होता... मी आधी फ्रिजचं दार लावलं आणि मग फोन घेतला. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात फ्रिजचं दार उघडं टाकून दुसरं काहीही करायचं नाही, असा आमच्याकडे नियम होता. ज्यांनी तो घातला, त्याच गेल्याचं सांगायला तो फोन होता.

हा नियम कुठून आला ते सांगायला हवं. निवृत्त झाल्यावर सुमनताई बायकांच्या एका सहलीबरोबर सिक्कीमला गेल्या. तिथल्या रोपवाटिकेत त्यांना लार्चची रोपं दिसली. दिसायला पाइनसारखं, पण हिवाळ्यात सगळ्या सुया गाळून अगदी काडी होणारं झाड. त्यांनी एक रोप मागितलं. रोपवाटिकेचा मालक म्हणाला, "मॅडम, नागपूर में नहीं बचेगा." हे ऐकून त्यांनी पाच घेतली. केकच्या डब्यात ओल्या गोणपाटात गुंडाळून, वाटेत मिळेल त्या स्टेशनवर बर्फ मागत, त्यांनी ती दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासातून घरी आणली. स्वतःची सूटकेस मात्र गाडीत विसरल्या.

आठवड्याने काटोलहून नाना आले. नाना म्हणजे या भावंडांचे मावसभाऊ. त्यांची संत्र्याची बाग आहे आणि झाडांच्या बाबतीत शेवटचा शब्द आपला, असं ते मानतात. त्यांनी कुंड्यांकडे पाहिलं.

"काय नाव म्हणतं वं याचं?"

"लार्च."

"लार्ज? एवढंसं तं आहे. हे लार्ज, तं मंग स्मॉल कसं असन?"

झालं. त्या दिवसापासून घरात ते लार्जच झालं. आजोबा त्यांच्या मित्रांना सांगत, "आमच्याकडे लार्ज आहे, पण ते बहिणीच्या ताब्यात असतं," आणि मित्र हळहळत.

नानांची चौकशी मात्र संपली नव्हती. "फळ काय येते याले?" काही नाही. "फूल?" सांगण्यासारखं नाही. "सावली?" सुमनताईंनी कुंडीखाली बोट दाखवलं, "मुंगीला पुरते." नानांनी कुंडीभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाले, "नोकरी सुटल्यानं माणसाचं असं होते. आमच्या गावात एक मास्तर कबुतरं पाळून राहिला."

पहिल्याच मे महिन्यात दोन रोपं वाळली. एक खारीने कुरतडलं. उरली दोन. तेव्हा सुमनताई ग्रंथालयातून पुस्तकं आणून अभ्यासाला बसल्या आणि त्यांनी निष्कर्ष काढला, की लार्चला उन्हाळ्यात ओला वारा आणि हिवाळ्यात खरी झोप लागते. "नागपूरच्या थंडीत त्याला डुलकी येते, झोप नाही," त्या म्हणाल्या, आणि माझ्या फ्रिजकडे पाहू लागल्या.

माझा फ्रिज तुम्ही पाहिला आहे. डब्यांवर नावं, नावांखाली तारखा. त्या फ्रिजचा भाजीचा कप्पा दर डिसेंबरला दोन कुंड्यांना गेला. भाज्या ओल्या फडक्यात बाहेर. पिकलेल्या फळांतून निघणारा वायू झोपलेल्या कोंबांना बाधतो, असं पुस्तकात होतं, म्हणून फळांनाही बंदी. ऐन हंगामात नानांनी पाठवलेली संत्र्यांची पेटी व्हरांड्यात पडलेली पाहून नाना दुखावले. कारण कळल्यावर जास्तच दुखावले. "माह्या संत्र्यानं आजवर कोणाले वायू झाला नाही," ते म्हणाले आणि चहा न घेता बस पकडायला गेले. पुढच्या आठवड्यात दुसरी पेटी घेऊन आले, पण ती स्वतःच्या खुर्चीखाली ठेवून बसले.

उन्हाळ्यात पाळी आजोबांची. बैठकीतल्या कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लागल्या, की त्यासमोरची जागा झाडांची. आजोबा दोन हात मागे. पाहुणे आले, की सुमनताई नम्रपणे सांगत, "तुम्ही जरा इकडे सरका, वारा अडतोय." एका मेमध्ये दुपारी वीज गेली. सुमनताई एका कुंडीला आणि मी दुसऱ्या कुंडीला वर्तमानपत्राने वारा घालत होतो. घामाने निथळणारे आजोबा मधोमध येऊन बसले. "मी झाड नाही," ते म्हणाले, "पण सहज जाता-येता..."

छाटणीच्या दिवसांत मात्र आम्ही दोघंही त्यांच्या वाटेला जात नव्हतो. फेब्रुवारी सरता सरता झाडं फ्रिजमधून निघत, आणि कोंब फुटायच्या आत छाटणी उरकावी लागे. सुमनताई कुंडी मेजावर ठेवून तीन दिवस नुसत्या बघत. उजवीकडून, डावीकडून, खाली बसून. तोवर माझा सहा वेळचा स्वयंपाक होऊन जाई. चौथ्या दिवशी भरतकामाच्या कात्रीने एक फांदी कापत. एखादीला जळलेल्या पंख्याच्या मोटरमधून काढलेली तांब्याची तार गुंडाळून वळण देत. मी एकदा विचारलं, "एवढ्याशा कामाला तीन दिवस?" त्या म्हणाल्या, "कापलेलं परत लावता येत नाही, मंगल. तुझ्या पोळीसारखं नाही, बिघडली की नवऱ्याला वाढली."

आता चौथ्या झाडाचं सांगते. हे मी तुमच्या बाबांनाही सांगितलेलं नाही.

तुमच्या आईकडची मंडळी पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला यायची होती. डिसेंबरचा महिना. मी श्रीखंड केलं होतं आणि ते सैल झालं होतं. घट्ट व्हावं म्हणून मी फ्रिजचं बटण शेवटच्या आकड्यावर नेलं आणि विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवलं, तेव्हा मागच्या भिंतीला टेकलेल्या कुंडीतली माती दगडासारखी झाली होती. मी बटण परत जागेवर आणलं, कुंडी पुसली, दार लावलं. श्रीखंड उत्तम झालं होतं. मंडळी हो म्हणाली. फ्रिजमधून काढल्यावर ते झाड फुटलं नाही. सुमनताईंनी मूळ उकरून पाहिलं आणि म्हणाल्या, "गोठलंय." मी लगेच म्हणाले, "व्होल्टेज." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "व्होल्टेज," मी पुन्हा म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी जाऊन फ्रिजसाठी स्टॅबिलायझर आणला. तो अजून आहे, आणि इतकी वर्षं त्यावरची धूळ पुसताना मी दुसरीकडे बघत आले आहे.

शेवटचं, पाचवं झाड मग त्यांनी सोळा वर्षं सांभाळलं. ईराने एकदा सांगितलं होतं, की तुमच्या शाळेमागे हीच झाडं शंभर-शंभर फुटी उभी असतात आणि त्यांना कोणी पाणीसुद्धा घालत नाही. ते मी सुमनताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "कॅनडात वाढलं, त्यात झाडाचं काय कौतुक?"

जानेवारीत त्यांना न्यूमोनिया झाला. इस्पितळात शेवटच्या दोन दिवसांत त्या थोडंच बोलत. मी शेजारी बसले होते. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "किती आहे?" मला वाटलं, ताप विचारताहेत. "एकशे एक," मी म्हणाले. "तुझा नाही, माझा नाही... खालच्या कप्प्यात." मी म्हणाले, "चार." त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "चौथं तू घालवलंस."

मी विचारलं, "तुम्हाला केव्हा कळलं?"

"तेव्हाच. व्होल्टेज गेलं तर फ्रिज गरम होतो, मंगल. गोठत नाही."

"मग स्टॅबिलायझर कशाला आणलात?"

"तू दोनदा व्होल्टेज म्हणालीस... आता दुकानात जाऊन तरी यावं म्हटलं." त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर म्हणाल्या, "आता एकच आहे. फेब्रुवारी संपेस्तोवर काढू नकोस. छाटायला विसरू नकोस. आणि हे घालवलंस तर कोणाला व्होल्टेज सांगू नकोस."

त्या गेल्यानंतर घर भरलं. मी सुतकातल्या कामांत होते. शेजारीणबाई मदतीला आल्या, त्यांना दूध ठेवायला जागा हवी होती. त्यांनी खालच्या कप्प्यातलं काटक्यांचं कुंडीभर काय ते काढलं आणि "गारठून गेलं बिचारं" म्हणत अंगणात उन्हाला ठेवलं. मला दोन दिवसांनी कळलं. तोवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने ते पाहिलं होतं आणि जिवंत आहे का, हे बघायला नखाने खोड खरवडलं होतं. खरवडल्यावर आत हिरवं दिसलं तर जिवंत, हे नागपुरात प्रत्येकाला माहीत असतं, आणि दुसऱ्याने पाहिलं यावर कोणाचाच विश्वास नसतो. मी गेले तेव्हा एक लांबचे काका खिशातल्या किल्लीने काम करत होते.

नेमके नाना फाटकातून आत आले. त्यांनी काठी आपटली. "याचं माणूस गेलं, आता झाडाले खरवडून खरवडून मारसान का?" काका किल्ली खिशात घालून बाजूला झाले.

शेजारीणबाई म्हणाल्या, "नाना, केव्हाचं मेलं आहे ते. एक पान नाही त्याच्यावर."

"ताणावर आहे ते," नाना म्हणाले.

ताण म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसणार. संत्र्याच्या झाडाला बहर, म्हणजे नानांच्या भाषेत बार, यावा म्हणून काटोलकडचे शेतकरी त्याचं पाणी काही आठवडे बंद करतात. झाड पानं टाकतं, मेल्यासारखं दिसतं, आणि मग पाणी मिळालं की फुटतं. तेवीस वर्षं ज्या झाडाची नानांनी थट्टा केली, ते त्यांना त्या क्षणी कळलं असावं. ते कुंडीशेजारी उकिडवे बसले, माती चिमटीत घेऊन पाहिली. "वहिनी, कधीलोक झोपवत होती हे सुमन?"

"फेब्रुवारी संपेपर्यंत."

"मंग ठेवा जागेवर. ताण मधातच मोडला, तं बार फसते. दोन दिवस ऊन लागलं याले... काय होईन सांगता येत नाही."

शेजारीणबाईंनी विचारलं, मग दूध कुठे ठेवायचं. तेव्हा आजोबा, जे तीन दिवसांत कोणाशी बोलले नव्हते, म्हणाले, "काळा चहा पिऊ." आणि त्यांनी स्वतः दुधाची पातेली बाहेर काढली. तेराव्यापर्यंत आलेल्या सगळ्यांनी काळा चहा घेतला. नानांनी तीन कप घेतले आणि प्रत्येक कपाला नावं ठेवली.

फेब्रुवारी संपला. मी कुंडी काढली, मेजावर ठेवली आणि भरतकामाची कात्री घेऊन बसले. तेव्हा कळलं, की अडचण काय आहे. कोंब फुटायच्या आत छाटायचं, म्हणजे झाड जिवंत आहे की नाही हे कळायच्या आत छाटायचं. खोडावर किल्ल्यांचे आणि नखांचे ओरखडे होते, त्यात मला आणखी एक घालायचा नव्हता. मी एक दिवस बघत बसले. मग दुसरा. त्याच संध्याकाळी नीलचा फोन आला. तिसऱ्या दिवशी भाजी करपली. आजोबांनी ती मुकाट्याने खाल्ली. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी खुर्ची माझ्याशेजारी आणून ठेवली आणि म्हणाले, "काप आता. ती असती तर एव्हाना तुला रागावली असती."

डावीकडची खालची फांदी खूप लांबली होती. मी ती कापली. कापलेलं टोक इतकं बारीक, की मला काही दिसेना. आजोबांनी भिंग आणलं, स्वतः आधी पाहिलं, आणि बराच वेळ परत देईनात. मी विचारलं, "काय आहे?" ते म्हणाले, "हिरवं." मग ते चष्मा पुसायला लागले, पण या वेळी आतल्या खोलीत गेले नाहीत.

आज सकाळी मी मोजले. सात कोंब आहेत, मुगाच्या निम्म्याएवढे. डावीकडच्या खालच्या फांदीवर एकही नाही. ती मी बहुधा फारच आखूड कापली. बाकी झाड जिवंत आहे.